आयर्लंडमधल्या काउंटी कौन्सिलचा निकाल कसा वाचायचा: कोटा, जादा मतं आणि शेवटच्या जागेचं गणित

डब्लिनजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "७ जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत आमच्या भागात सहा जागा होत्या. पहिल्या फेरीत सहाव्या क्रमांकावर असलेला उमेदवार पडला आणि आठव्या क्रमांकावरची उमेदवार निवडून आली, तीसुद्धा कोटा न गाठता. निकालाच्या तक्त्यात दहा-अकरा फेऱ्या आहेत, अधिक-उणे आकडे आहेत, 'नॉन-ट्रान्सफरेबल' नावाची ओळ आहे. हे वाचायचं कसं? आणि आम्ही अजून भारतीय पासपोर्टवरच आहोत, तर पुढच्या वेळी आम्हाला मत देता येईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, देता येईल. आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत नागरिकत्वाची अट नाही. वय १८ पूर्ण हवं, तिथलं नेहमीचं वास्तव्य हवं आणि मतदार यादीत नाव हवं. याचे तपशील खाली येतील.

आता निकाल. तुमच्या भागात काहीही चुकीचं घडलेलं नाही. या पद्धतीत पहिल्या फेरीचा क्रम म्हणजे निकाल नव्हे. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पद्धत अगदीच परकीही नाही. मतदार एकाच नावापुढे खूण न करता उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. विधान परिषदेच्या, आमदारांनी निवडून द्यायच्या जागा याच पद्धतीने भरल्या जातात. जुलै २०२४ मध्ये ११ जागांसाठी १२ उमेदवार उभे होते, २७४ आमदार मतदान करणार होते आणि सगळी चर्चा "२३ मतांचा कोटा" आणि "दुसऱ्या पसंतीची मतं" यांभोवती फिरत होती. तिथे मतदार मूठभर असतात. आयर्लंडमध्ये तेच गणित प्रत्येक गावात, हजारो कागदी मतपत्रिका टेबलावर मांडून केलं जातं.

आधी आवाका सांगतो. देशात ३१ स्थानिक संस्था आहेत: २६ काउंटी कौन्सिल, ३ सिटी कौन्सिल (डब्लिन, कॉर्क, गॉलवे) आणि लिमरिक व वॉटरफर्ड या दोन संयुक्त 'सिटी अँड काउंटी' कौन्सिल. एकूण जागा ९४९, आणि त्या १६६ स्थानिक मतदारसंघांत विभागलेल्या. एकेका मतदारसंघातून साधारण पाच ते सात सदस्य निवडले जातात. फार विरळ वस्तीच्या किंवा पसरलेल्या भागात तीन किंवा चार. केरी कौन्सिलच्या ३३ जागांमध्ये ट्रली आणि किलार्नी सात-सात जागांचे आहेत, पण कोर्का ग्विन्ये म्हणजे डिंगल द्वीपकल्पाचा भाग फक्त तीनचा. डोनेगलमध्ये लेटरकेनी सात जागांचा, मिलफर्ड तीनचा. निकाल उघडल्यावर सर्वांत आधी जागांची संख्या बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कोटा म्हणजे हमखास निवडून यायला लागणारी मतं. त्याचं सूत्र: एकूण वैध मतं भागिले (जागा अधिक एक), अपूर्णांक सोडून द्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. समजा ७,००० वैध मतं आणि ६ जागा. ७,००० भागिले ७ म्हणजे १,०००, अधिक १, म्हणून कोटा १,००१. इतकी मतं जास्तीत जास्त सहाच जणांना मिळू शकतात, सातव्याला मिळणं अशक्य. तीन जागांच्या भागात कोटा २५ टक्क्यांच्या किंचित वर असतो, पाचमध्ये साधारण १६.७, सहामध्ये १४.३ आणि सात जागांच्या भागात १२.५ टक्के. त्यामुळे "अमक्याला १३ टक्के मतं मिळाली" या वाक्याला जागांची संख्या कळल्याशिवाय काही अर्थ नाही. सात जागांत तो पहिल्याच फेरीत निवडून आला, तीन जागांत तो बहुधा घरी गेला.

कोटा फेरीगणिक बदलतो असं धरणं ही एक नेहमीची चूक: तो एकदाच, पहिल्या फेरीच्या वेळी ठरतो आणि नंतर बदलत नाही. मधल्या फेऱ्यांत काही मतपत्रिका पुढची पसंती नसल्यामुळे मोजणीतून गळतात, पण कोटा तसाच राहतो. शेवटच्या एक-दोन जागा कोटा न गाठता भरल्या जातात त्या याच गळतीमुळे. त्यात कमीपणा काही नाही. कोटा गाठून आलेला आणि न गाठता आलेला सदस्य सभागृहात सारखाच.

आता तक्ता. डावीकडे उमेदवारांची नावं, वर फेऱ्या. पहिल्या फेरीचा स्तंभ म्हणजे पहिल्या पसंतीची मतं. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत दोन आकडे असतात: त्या फेरीत किती मतं आली वा गेली, आणि नवी एकूण बेरीज. स्तंभाच्या माथ्यावर त्या फेरीत काय झालं ते लिहिलेलं असतं, म्हणजे कुणाची जादा (कोट्याच्या वरची) मतं वाटली किंवा सर्वांत तळाचा कोण बाद होऊन त्याची मतं पुढच्या पसंतीकडे गेली. आधी ते माथे ओळीने वाचून काढा, आकडे नंतर. दोन मिनिटांत सगळी मोजणी कशी पुढे सरकली ते कळतं.

तक्ता नीट उतरवलेला आहे का हे तपासायला एकच कसोटी पुरते. कोणत्याही फेरीत सगळ्या उमेदवारांची बेरीज अधिक गळालेली मतं ('नॉन-ट्रान्सफरेबल' ओळ) ही एकूण वैध मतांइतकीच आली पाहिजे. वर्तमानपत्रात किंवा एखाद्याने हाताने टाइप केलेल्या तक्त्यात ती जुळत नसेल, तर तो तक्ता सोडून द्या आणि कौन्सिलने प्रसिद्ध केलेला मूळ तक्ता बघा.

आता जादा मतांचं वाटप. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.

कोटा १,००१ आणि 'अ' या उमेदवाराला पहिल्या फेरीत १,३६१ मतं. म्हणजे ३६० जादा. ही ३६० नेमकी कुणाची? यासाठी 'अ'च्या सगळ्या १,३६१ मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वेगळ्या केल्या जातात. समजा ५४० जणांनी दुसरी पसंती 'ब'ला दिली, ३६० जणांनी 'क'ला, १८० जणांनी 'ड'ला, १२० जणांनी 'इ'ला. हे झाले १,२००. उरलेल्या १६१ मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नाही. आता ३६० भागिले १,२०० म्हणजे ०.३. या प्रमाणात 'ब'ला १६२, 'क'ला १०८, 'ड'ला ५४ आणि 'इ'ला ३६ मतं जातात. बेरीज ३६०. 'अ'कडे १,००१ राहतात: पुढची पसंती नसलेल्या १६१ आणि उरलेल्या ८४०.

गुणाकार पूर्णांकात आला नाही तर अपूर्णांक सोडून पूर्ण आकडे घेतात आणि जितकी मतं कमी पडतात तितकी, ज्यांचा सोडलेला अपूर्णांक सर्वांत मोठा त्यांना एकेक देतात. समजा 'ड'च्या १८१ आणि 'इ'च्या ११९ असत्या, तर ५४.३ आणि ३५.७ आले असते. एक मत उरतं, ते 'इ'ला जातं.

आपल्याकडच्या विधान परिषदेच्या मोजणीपेक्षा आयरिश मोजणी इथेच वेगळी पडते. आपल्याकडे प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात आणि पुढची पसंती असलेल्या सगळ्या मतपत्रिका कमी केलेल्या मूल्याने पुढे जातात. आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत (आणि डॉलच्या, म्हणजे तिथल्या लोकसभेच्या निवडणुकीतही) पूर्ण मतपत्रिकाच उचलून पुढच्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवली जाते. 'ब'च्या ५४० मधल्या नेमक्या कोणत्या १६२ जातील? त्या गठ्ठ्यात सर्वांत शेवटी, म्हणजे वर ठेवल्या गेलेल्या. म्हणूनच मोजणी सुरू करण्यापूर्वी सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र चांगल्या मिसळाव्या लागतात. त्या नीट मिसळल्या नाहीत तर वरच्या १६२ एकाच गावच्या पेटीतल्या निघू शकतात आणि त्यांची तिसरी-चौथी पसंती बाकीच्या ३७८ पेक्षा वेगळी असू शकते. मिसळल्यावरही यात थोडा नशिबाचा भाग राहतोच. दोन-चार मतांच्या फरकाचा निकाल वाचताना हे लक्षात ठेवावं. माझ्या मते ही या मोजणीतली खरी कमकुवत जागा आहे. आयरिश सेनेटच्या निवडणुकीत मतपत्रिकेला १,००० मूल्य देऊन ती टाळली आहे, स्थानिक निवडणुकीत ती तशीच चालू आहे.

आता पुढची पायरी. 'ब'ला पहिल्या फेरीत ९३० होती, १६२ आली, झाली १,०९२. तोही निवडून आला आणि ९१ मतं जादा झाली. आता 'ब'च्या सगळ्या १,०९२ मतपत्रिका बघितल्या जातील असं वाटतं ना? तसं होत नाही. फक्त शेवटी आलेला गठ्ठा, म्हणजे 'अ'कडून आलेल्या त्या १६२ मतपत्रिका बघतात, कारण 'ब'ला कोट्याच्या वर त्यांनीच नेलं. त्यांत 'क'कडे ७०, 'ड'कडे ४०, 'इ'कडे २० अशी पुढची पसंती असेल, तर १३० मतपत्रिका पुढे जाण्यायोग्य. ९१ भागिले १३० म्हणजे ०.७. 'क'ला ४९, 'ड'ला २८, 'इ'ला १४. 'ब'ला मनापासून पहिली पसंती देणाऱ्या ९३० जणांची पुढची पसंती या वाटपात मोजलीच जात नाही. निकालात "ब हा अमक्या पक्षाचा, तरी त्याची जादा मतं भलत्याच पक्षाकडे कशी गेली?" असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. ती मुळात 'ब'च्या समर्थकांची मतं नव्हतीच, 'अ'च्या समर्थकांची होती.

आणि 'नॉन-ट्रान्सफरेबल' ओळीचं काय? वरच्या उदाहरणात ३२ मतपत्रिकांवर पुढची पसंती नव्हती, तरी त्या ओळीत काहीच वाढ दिसणार नाही. त्या ३२ 'ब'च्या कोट्यातच सामावून जातात. पण १६२ पैकी फक्त ८० मतपत्रिकांवर पुढची पसंती असती, तर ९१ ऐवजी ८०च पुढे गेल्या असत्या आणि राहिलेली ११ मतं त्या ओळीत दिसली असती. तेव्हा जादा मतांच्या फेरीत ही ओळ वाढली, तर समजा की वाटायला मतं होती पण घ्यायला पुरेशी नावं मतपत्रिकेवर नव्हती. उमेदवार बाद झाल्याच्या फेरीत मात्र त्याच्या पुढची पसंती नसलेल्या सगळ्याच मतपत्रिका इथे येतात, म्हणून शेवटच्या फेऱ्यांत ही ओळ भराभर फुगते.

जादा मतं असली की ती लगेच वाटलीच पाहिजेत असं नाही. त्या वाटपाने अजून रिंगणात असलेल्यांतल्या सर्वांत पुढच्या उमेदवाराला कोटा गाठता येणार नसेल आणि तळाचा उमेदवारही त्याच्या वरच्यापर्यंत पोचणार नसेल, तर ती मतं बाजूला ठेवून तळाच्याला आधी बाद करतात. ९१ जादा आहेत, सर्वांत पुढे असलेल्याला ८९०, तळाच्या दोघांना १२० आणि २६०. ८९० अधिक ९१ म्हणजे ९८१, कोटा नाही. १२० अधिक ९१ म्हणजे २११, २६० नाही. तेव्हा १२० वाला बाद, आणि ९१ शिल्लक. "आमच्या माणसाला मिळायची मतं वाटलीच नाहीत" ही तक्रार मतमोजणी केंद्रावर नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा पुढच्या एखाद्या फेरीत ती वाटलेली सापडतात. नसतील, तर त्यांनी कुणाचंच काही बदलणार नव्हतं.

याच तर्काने तळाचे दोन-तीन उमेदवार एकदम बाद होतात. ८८ आणि ९७ मतांचे दोघे, शिल्लक जादा मतं १२, बेरीज १९७, आणि त्यांच्या वरचा २४० वर. सगळं एकाला मिळालं तरी तो वर येऊ शकत नाही, म्हणून दोघे एका फेरीत जातात. अशा फेरीत कुणाची मतं कुणाकडे गेली हे वेगळं काढता येत नाही. ते काढून दाखवणारं विश्लेषण दिसलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. तळाला बरोबरी झाली तर पहिल्या फेरीत ज्याला कमी तो बाद. तिथेही बरोबरी असेल तर ज्या सर्वांत आधीच्या फेरीत फरक होता ती बघतात, आणि कुठेच फरक नसेल तर चिठ्ठी टाकतात.

आता तुमच्या भागातली शेवटची जागा. समजा चार जण कोटा गाठून निवडून आले, दोन जागा उरल्या आणि तिघे रिंगणात: 'र' ९६०, 'न' ८२८, 'म' ७९०. 'म' सर्वांत खाली, तो बाद. दोन जागांना दोघेच उरले, म्हणून दोघेही कोट्याविना निर्वाचित. चार गुणिले १,००१ म्हणजे ४,००४, अधिक ९६०, ८२८ आणि ७९०, अधिक गळालेली ४१८, एकूण ७,०००. जुळलं. आता मागे जा. पहिल्या फेरीत 'म' ६४० वर सहावा होता, 'न' ५७५ वर आठवी. 'न' ६५ मतांनी मागे होती. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत 'म'ला मिळाली १५०, 'न'ला २५३. १०३ चा फरक पडला, त्यातून ६५ वजा, म्हणून ती ३८ मतांनी पुढे. तुमच्या खऱ्या तक्त्यात शेवटच्या जागेच्या दोन दावेदारांच्या ओळी अशाच शेजारी-शेजारी लिहा आणि कोणत्या फेरीत अंतर किती कमी झालं ते पेन्सिलने टिपा. बहुतेक वेळा एका किंवा दोनच फेऱ्यांत सगळा फरक पडलेला असतो. त्या फेरीत कोण बाद झालं हे बघितलं की कारण समोर येतं.

कारणं साधारण तीन असतात. एक, पक्षाचा जोडीदार: त्याच पक्षाचा दुसरा उमेदवार बाद झाला आणि त्याची मतं आली. दोन, भूगोल. ग्रामीण काउंटीत हे पक्षापेक्षाही जोरात चालतं. एका टोकाच्या गावचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं शेजारच्या गावच्या उमेदवाराकडे जातात, मग तो विरोधी पक्षाचा का असेना, कारण "आपल्या बाजूचा एक तरी सदस्य हवा" ही भावना. तीन, उमेदवाराबद्दलची नाराजी. काहींना स्वतःचे पक्के मतदार भरपूर असतात, पण इतर कुणाच्याही मतपत्रिकेवर त्यांचं नाव तिसरं-चौथं नसतं. असा उमेदवार पहिल्या फेरीत छान दिसतो आणि मग तिथेच थांबतो. पहिल्या फेरीत कोट्याच्या सत्तर टक्क्यांवर असलेला उमेदवार सहसा पडत नाही. पन्नास टक्क्यांच्या आसपासच्यांचं भवितव्य मात्र पूर्णपणे इतरांच्या मतपत्रिकांवर असतं. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नाही.

पक्षांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडतं ते उमेदवारांची संख्या चुकणं. पक्षाकडे दीड कोट्याची मतं असतील आणि तीन उमेदवार उभे केले, तर प्रत्येकाला अर्धा कोटा. एक बाद होतो, त्याची काही मतं पक्षाबाहेर गळतात, आणि उरलेल्या दोघांपैकी दुसरा शेवटच्या जागेला चुकतो. शिन फेन या पक्षाने २०२४ मध्ये देशभर तीनशेहून अधिक उमेदवार दिले आणि जागा आल्या १०२. उलट बाजूलाही धोका आहे: एकच लोकप्रिय उमेदवार दिला आणि त्याला दोन कोट्यांच्या जवळ मतं पडली, तर जादा मतं घ्यायला पक्षाचं दुसरं कुणी नाही. म्हणून पक्ष मतदारसंघाची वाटणी करतात. रस्त्याच्या या बाजूच्या घरांना पत्रक येतं "पहिली पसंती अमुक, दुसरी तमुक", पलीकडच्या बाजूला नेमकं उलट.

देशपातळीच्या बेरजा वाचताना तुलना कोणत्या वर्षाशी आहे ते आधी बघा. २०२४ मध्ये फियाना फॉलला २४८, फिना गेलला २४५, शिन फेनला १०२, लेबरला ५६, सोशल डेमोक्रॅट्सना ३५ आणि ग्रीन पक्षाला २३ जागा मिळाल्या. अपक्षांची संख्या मोठी, कारण ग्रामीण कौन्सिलांमध्ये ते पक्षांच्या बरोबरीने उभे असतात. २०१९ मध्ये फियाना फॉल २७९, फिना गेल २५५, शिन फेन ८१, ग्रीन ४९ होते. म्हणजे शिन फेन २१ ने वाढला. पण २०१४ मध्ये त्याच पक्षाकडे १५९ होत्या. एकाच निकालावरून "पक्ष वाढला" आणि "पक्ष कोसळला" अशा दोन्ही बातम्या लिहिता येतात आणि दोन्हींतला आकडा खरा असतो. २०१४ शी मतदारसंघनिहाय तुलना करायची तर आणखी जपून करावी लागते. तेव्हा १३७ मतदारसंघ होते, २०१९ पासून १६६ झाले, सीमा बदलल्या, आणि २०१९ मध्येच कॉर्क शहराची हद्द वाढून काउंटीचा मोठा भाग शहरात गेला. २०१९ आणि २०२४ ची तुलना तेवढी सरळ आहे.

मोजणीच्या दिवसाबद्दल थोडंसं. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या उघडतात. कठड्यापलीकडे सगळ्या पक्षांचे 'टॅली' करणारे कार्यकर्ते पॅड-पेन्सिल घेऊन उभे असतात. कर्मचारी मतपत्रिका उलगडतात तेव्हा ते पहिली पसंती टिपतात, आणि आपापसांत आकडे वाटूनही घेतात. दुपारपर्यंत पेटीनिहाय अंदाज तयार होतो आणि पहिल्या फेरीपुरता तो बराच नेमका असतो. अधिकृत निकालात पेटीनिहाय आकडे नसतात. त्यामुळे कोणत्या वस्तीने कुणाला मत दिलं याची माहिती फक्त टॅलीतून मिळते. पण टॅलीवरून शेवटच्या जागेचा अंदाज करू नये, कारण तिच्यात दुसरी-तिसरी पसंती जवळपास नसतेच. २०२४ मध्ये युरोपीय संसदेची निवडणूक त्याच दिवशी होती. लिमरिकमध्ये तर थेट महापौराचीही होती. त्यामुळे आधी वेगवेगळ्या मतपत्रिका निवडून वेगळ्या करण्यातच बराच वेळ गेला.

एकाच दिवशी अनेक मतपत्रिका आल्या की एक चूक हमखास होते. मतदार एका मतपत्रिकेवर १, २, ३ लिहितो आणि दुसरीवर ४, ५, ६ अशी तीच मालिका पुढे चालवतो. २०१४ मध्ये केरीतल्या लिस्टोवल मतदारसंघात माजी सेनेटर डॅन कायली अवघ्या दोन मतांनी हरले. अशा मतपत्रिका मोजणीत धरल्या गेल्या होत्या, म्हणून ते न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि न्यायालयाने सांगितलं की, जिच्यावर पहिली पसंती नाही ती मतपत्रिका धरता येत नाही. फेरमोजणी झाली, तरीही त्यांना जागा मिळाली नाही. पण त्यामुळे नियम स्पष्ट झाला: प्रत्येक मतपत्रिकेवर क्रम नव्याने १ पासून सुरू करायचा. १, २, ४ असं लिहिलं तर मत दुसऱ्या पसंतीपर्यंतच चालतं. दोन ठिकाणी ३ लिहिलं तरी तेच. दोघांपुढे १ लिहिलं तर मत बाद. मतपत्रिकेवर नाव किंवा सही केली तरी ती जाऊ शकते. आणि पेटीत टाकण्याआधी मतपत्रिकेवर अधिकृत खूण उमटली आहे का ते बघा. नसेल तर तिथल्या तिथे अधिकाऱ्याला सांगा.

किती नावांपुढे क्रमांक लिहावेत? ज्यांच्याबद्दल तुमचं काहीतरी मत आहे तितक्या सगळ्यांपुढे. पाचवी पसंती लिहिल्याने पहिलीला धक्का लागत नाही, कारण पहिल्या चौघांचं जे व्हायचं ते होऊन गेल्यावरच ती पाहिली जाते. फक्त एकाच नावापुढे १ लिहून थांबणाऱ्यांमुळे शेवटच्या फेऱ्यांतली गळती वाढते. वरच्या उदाहरणात ४१८ मतं गळाली आणि शेवटची जागा ३८ मतांनी ठरली, हे पुन्हा एकदा बघा.

आता नोंदणी. मतदार यादीची अधिकृत वेबसाइट 'चेक द रजिस्टर' ही आहे. पीपीएस क्रमांक (सरकारी कामांसाठीचा ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (तिथला पिनकोड) लागतो. काम स्थानिक कौन्सिलकडूनच होतं आणि नोंदणी वर्षभर चालू असते. पण मतदानाच्या काही दिवस आधी त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, तेव्हा ऐनवेळेवर ठेवू नका. यादीत तुमच्या नावापुढे 'एल' हे अक्षर दिसेल, म्हणजे फक्त स्थानिक निवडणुकीत मत. पुढे आयरिश नागरिकत्व घेतलंत तर नोंद बदलून घ्यावी लागते. ती आपोआप बदलत नाही, आणि बरेच जण इथे चुकतात. मग डॉलच्या निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावरून परत यावं लागतं. घर बदललं तर पत्ताही बदला, कारण मतदारसंघ बदलू शकतो. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये आहे.

नागरिकत्वाशिवाय उभंही राहता येतं. अपक्ष उमेदवाराला त्याच मतदारसंघातल्या १५ नोंदणीकृत मतदारांची संमती लागते, किंवा १०० युरो अनामत. मालवण तालुक्यातल्या वराडशी वडिलांकडून नातं असलेले लिओ वराडकर पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी फिंगल काउंटी कौन्सिलचे सदस्य होते. १९९९ ला ते स्थानिक निवडणूक हरले. २००३ मध्ये रिकाम्या झालेल्या जागेवर पक्षाने त्यांना बसवलं, आणि २००४ मध्ये कॅसलनॉकमध्ये ४,८९४ पहिल्या पसंतीची मतं घेऊन ते पहिल्याच फेरीत आले. त्या निवडणुकीत देशात कुणालाही तेवढी मतं नव्हती.

"रिकाम्या जागेवर बसवलं" हे मुद्दाम लिहिलं, कारण कौन्सिलच्या जागांसाठी पोटनिवडणूक होत नाही. सदस्य वारला, त्याने राजीनामा दिला किंवा तो डॉलमध्ये निवडून गेला (२००३ च्या कायद्यापासून दोन्ही पदं एकदम ठेवता येत नाहीत), तर त्याचा पक्ष नवं नाव सुचवतो आणि कौन्सिल ते स्वीकारतं. २९ नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर अशा बऱ्याच जागा भरल्या गेल्या. म्हणून जून २०२४ चा निकाल समोर ठेवून आज आपला सदस्य कोण हे ठरवू नका. कौन्सिलच्या वेबसाइटवरची सध्याची यादी बघा आणि रस्ता, घरकुल किंवा नियोजन परवानगीचं पत्र तिथल्या नावाला लिहा. एकाच वेळी पाच-सहा सदस्य तुमचे असतात. पत्र एकालाच पाठवायचं कारण नाही, आणि शेवटच्या जागेवर थोडक्यात आलेला सदस्य बहुधा सर्वांत लवकर उत्तर देतो.